दिवेलागणीचा दिवा : मायक्रोकंट्रोलरचा पहिला प्रकल्प, तडीस नेलेला

माझ्या कपाटात एक प्लॅस्टिकचा डबा होता, त्यात ३७ सेन्सर. ज्योत ओळखणारा, टाळी ऐकणारा, तिरकं केलं की सांगणारा, बोट ठेवलं की नाडीचे ठोके मोजणारा. डबा घेतला तेव्हा हिशेब सोपा होता: रोज एक सेन्सर लावून बघायचा, सव्वा महिन्यात आपण तरबेज. पहिल्या रविवारी चार झाले, दुसऱ्या रविवारी एक, तिसऱ्या रविवारी पाहुणे आले. पुढे दोन वर्षं डब्यावर धूळ.

नंतर मी एकच वस्तू बनवली, पण ती पूर्ण केली. आज ती आमच्या हॉलच्या खिडकीत चालू आहे. बाहेर अंधारू लागलं की हळूहळू उजळते, दोन तास तेवते आणि विझते. तिला इंटरनेट नाही, ॲप नाही, बटणसुद्धा नाही. ती उजळली की आमच्या घरातले चारही फोन टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये जातात. हा लेख ती वस्तू कशी बनवायची त्याबद्दल आहे. ज्यांनी आजवर रेझिस्टर हातात धरलेला नाही अशांसाठी लिहितोय. तीन-चार रविवार लागतील.

आधी वही

पहिला आठवडा काहीही विकत घ्यायचं नाही. घरात अशी कोणती वेळ किंवा जागा आहे जिथे आपल्याला हवं ते होत नाही, एवढंच वहीत टिपायचं. मी संध्याकाळी सात ते नऊ हा वेळ निवडला आणि आठवडाभर रोज रात्री दोन ओळी लिहिल्या. सातही दिवसांच्या ओळी जवळजवळ सारख्याच निघाल्या. आई देवापाशी दिवा लावते, मी ऑफिसमधून येऊन सोफ्यावर फोन बघतो, बायको ओट्यापाशी उभ्या उभ्या फोन बघते, नववीतली मुलगी आतल्या खोलीत फोन बघते. कुणी कुणावर रागावलेलं नाही, सगळं शांत. पण सात दिवसांत आम्ही चौघं एकमेकांशी काय बोललो ते लिहायला बसलो तर भाजीच्या पलीकडे काही सुचेना.

आई म्हणाली, "आमच्याकडे दिवेलागण झाली की कुणी सांगायला लागायचं नाही. हातातलं काम खाली ठेवायचं, पाय धुवायचे, शुभंकरोति म्हणायचं." माझ्या वस्तूचं काम तिथेच ठरलं. वहीत एक वाक्य लिहिलं: "दिवेलागण झाली हे घराला सांगेल आणि दोन तासांनी गप्प बसेल."

असं एक वाक्य तुम्हीही लिहा. तुमचं वेगळं असेल: गच्चीवरची टाकी भरली हे सांगणारं, आजोबांची गोळी घ्यायची वेळ सांगणारं, काहीही. पुढे मनात येणारी प्रत्येक हौस या वाक्यापुढे उभी करायची. मला छोटा स्क्रीन लावायचा होता, तापमान दाखवायचं होतं, वायफाय जोडून ऑफिसातून दिवा लावायचा होता. वायफाय म्हणजे पासवर्ड आला, राउटर बदलला की पुन्हा जोडणी आली, आणि जोडणी करायला फोन आला. फोन खाली ठेवायला लावणारी वस्तू फोनशिवाय चालू होत नाही, हे मला वहीवर वाचतानाच हसू आणून गेलं. तिन्ही गोष्टी खोडल्या.

सामान

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये मावलेला छोटा संगणक. त्याला एका वेळी एकच कार्यक्रम देता येतो आणि वीज मिळाली की तो तेवढंच करत बसतो. आर्डुइनो हे या चिपभोवती बांधलेल्या बोर्डाचं नाव. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ या गावातल्या डिझाइन संस्थेत, इंजिनिअर नसलेल्या विद्यार्थ्यांना वापरता यावा म्हणून तो सुरू झाला. (नाव गावातल्या एका बारवरून आलं आणि बारचं नाव एका जुन्या राजावरून.) त्याचा आराखडा खुला असल्यामुळे इतर कंपन्याही तसेच बोर्ड बनवतात. शिकायला ते स्वस्त बोर्ड चालतात.

आर्डुइनो उनो घ्या, आणि तो आर३ (म्हणजे तिसरी आवृत्ती) आहे याची खात्री करा. त्यात ॲटमेगा ३२८पी ही चिप असते. वेग १६ मेगाहर्ट्झ, कार्यक्रमासाठी जागा ३२ केबी, कामापुरती स्मृती फक्त २ केबी. तुमच्या फोनपुढे हे काहीच नाही, पण एका दिव्यासाठी भरपूर आहे. आर४ नावाचा नवा बोर्ड वेगळ्या चिपचा आहे. त्याच्या पिनमधून (बोर्डाच्या कडेला वायर खोचायची जागा म्हणजे पिन) ८ मिलिॲम्पिअरपेक्षा जास्त वीज घेऊ नये असं सांगतात. खालची जोडणी त्याला तशीच लागू होत नाही.

बाकी सामान: ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडणी करायची भोकांची पाटी) एक, जम्पर वायरचा (त्या भोकांत खोचायच्या वायरींचा) एक जुडगा, मंद पिवळसर म्हणजे वॉर्म व्हाइट रंगाचे ५ मिमी एलईडी तीन (आणि जळतील म्हणून दोन-तीन जास्त), तांबडा एलईडी एक, २२० ओहमचे रेझिस्टर (वीज अडवणारे तुकडे, ओहम हे त्या अडथळ्याचं माप) दहा, १० किलोओहमचे पाच, एलडीआर (उजेड ओळखणारा रेझिस्टर) दोन, साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजणारा), २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायर (वितळवून सांधे जोडायची धातूची तार), झीरो पीसीबीचा (भोकं पाडलेल्या कोऱ्या पाटीचा) एक तुकडा आणि बर्ग स्ट्रिप (पिनांची पट्टी). यूएसबी केबल बोर्डासोबत आली नाही तर तीही घ्या. वीज द्यायला फोनचा जुना ५ व्होल्टचा चार्जर चालतो.

पुण्यात हे सगळं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतं, मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर. ऑनलाइनही मिळतं, पण पहिल्यांदा तरी दुकानात जा. यादी कागदावर लिहून न्या. काउंटरवर गर्दी असते आणि "तो छोटा गोल असतो ना, उजेडाचा" असं सांगत बसलात तर मागचे लोक सुस्कारे टाकतात. एलडीआर म्हणा, झीरो पीसीबी म्हणा, सामान पुढ्यात येतं. दुकानदार ३७ सेन्सरांचा डबा दाखवेल. बघा, आणि परत द्या.

पहिला रविवार : दिवा लुकलुकतो

संगणकावर आर्डुइनो आयडीई हे कार्यक्रम लिहून बोर्डावर पाठवायचं मोफत सॉफ्टवेअर टाका. बोर्ड केबलने जोडा. मेनूत बोर्ड म्हणून उनो निवडा, पोर्ट निवडा. उदाहरणांच्या यादीत 'बेसिक्स'मध्ये 'ब्लिंक' आहे ते उघडा आणि अपलोड करा, म्हणजे बोर्डावर पाठवा. बोर्डावरचा १३ नंबरच्या पिनला जोडलेला बारीक एलईडी एक सेकंद लागेल, एक सेकंद विझेल.

लागला तर पुढे चला. पोर्टच दिसत नसेल तर तीन कारणं पाहा. बहुतेक वेळा केबल फक्त चार्जिंगची असते, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. मी याच कारणाने अख्खी दुपार घालवली आहे, ड्रायव्हर काढून टाक, परत टाक, संगणक बंद-चालू कर. दुसरं, स्वस्त बोर्डांवर सीएच३४० ही यूएसबीची चिप असते आणि तिचा ड्रायव्हर काही संगणकांवर वेगळा टाकावा लागतो. तिसरं, लिनक्सवर तुमच्या खात्याला 'डायलआउट' गटाची परवानगी लागते.

आता उदाहरणातला कोड वाचा. दोन भाग दिसतील: सेटअप आणि लूप. सेटअप वीज आल्यावर एकदाच चालतो. लूप संपला की पुन्हा पहिल्यापासून, वीज असेपर्यंत. सकाळी उठून चूल पेटवणं म्हणजे सेटअप, भाकऱ्या थापत राहणं म्हणजे लूप. एक सेकंदाचा आकडा १००० मिलिसेकंद असा लिहिलेला असेल. तो बदलून २०० करा, पुन्हा अपलोड करा. लुकलुकणं जलद झालं की त्या दिवशीचं काम संपलं. आणखी काही करू नका. खरंच. संध्याकाळी कुटुंबाला नेऊन दाखवा, ते "बरं" म्हणतील.

दुसरा रविवार : ब्रेडबोर्ड आणि उजेडाचे आकडे

ब्रेडबोर्डवर मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच भोकांच्या आडव्या ओळी असतात. एका ओळीतली पाचही भोकं आतून जोडलेली. खाचेपलीकडच्या पाचांशी त्यांचा संबंध नाही. कडेच्या लांब उभ्या पट्ट्या वीज आणि ग्राउंडसाठी (ग्राउंड म्हणजे शून्य व्होल्टची, वीज परत जाण्याची बाजू). मोठ्या ब्रेडबोर्डवर काही वेळा या पट्ट्या मध्यभागी तुटलेल्या असतात. मल्टिमीटर बीपच्या खुणेवर ठेवून दोन टोकं तपासा, आतून जोडलेली असतील तर तो वाजतो. मल्टिमीटरचं हे बीप तुम्हाला पुढे शंभरदा उपयोगी पडेल.

तांबडा एलईडी घ्या. लांब पाय धन, आखूड पाय ऋण. ९ नंबरच्या पिनपासून २२० ओहमचा रेझिस्टर, तिथून एलईडीचा लांब पाय, आखूड पाय ग्राउंडला. रेझिस्टर का? पिनवर ५ व्होल्ट येतात, तांबडा एलईडी त्यातले सुमारे २ स्वतःकडे ठेवतो, उरले ३. तीनला २२० ने भागलं की साधारण १३ ते १४ मिलिॲम्पिअर येतात. पिनमधून २० पर्यंत घेणं सुरक्षित, ४० ही चिपची शेवटची मर्यादा. रेझिस्टर नसेल तर एलईडी किंवा पिन, कुणीतरी जातं. वॉर्म व्हाइट एलईडी सुमारे ३ व्होल्ट ठेवतो, म्हणून त्याच रेझिस्टरवर त्याच्यातून ९ मिलिॲम्पिअरच्या आसपास वीज वाहते.

२२० ओहमवर तांबडा-तांबडा-तपकिरी असे पट्टे असतात, १० किलोओहमवर तपकिरी-काळा-नारिंगी. निळसर अंगाच्या रेझिस्टरवर एक पट्टा जास्त असतो आणि रंग ट्यूबलाइटखाली ओळखू येत नाहीत. सरळ मल्टिमीटर लावा.

आता एलडीआर. हा उजेड पडला की कमी आणि अंधारात जास्त अडवणारा रेझिस्टर. चिपला अडथळा मोजता येत नाही, व्होल्ट मोजता येतात, म्हणून छोटी युक्ती करावी लागते. ५ व्होल्टपासून एलडीआर, त्याच्या दुसऱ्या पायाशी १० किलोओहमचा रेझिस्टर, त्याचं दुसरं टोक ग्राउंडला. दोघांच्या सांध्यापासून एक वायर ए० पिनला. उजेड वाढला की सांध्यावरचा दाब, म्हणजे व्होल्ट, वाढतो, अंधारलं की उतरतो. चिप तो ० ते १०२३ अशा आकड्यात सांगते. 'ॲनालॉग रीड सीरियल' हे उदाहरण अपलोड करा आणि सीरियल मॉनिटर (बोर्डाने पाठवलेले आकडे दाखवणारी आयडीईतली चौकट) उघडा. आकडे धावू लागतील. हात धरा, उतरतील. टॉर्च मारा, चढतील.

इथून पुढचं काम मला सगळ्यात आवडलं. लॅपटॉप आणि ब्रेडबोर्ड खिडकीत ठेवून, एलडीआरचं तोंड बाहेर करून, मी तीन संध्याकाळी दर पाच मिनिटांनी आकडा वहीत लिहिला. शेजारी बाहेर काय दिसतंय तेही लिहिलं. दुपारी माझ्या खिडकीत ९५० च्या वर होता. सूर्य समोरच्या इमारतीमागे गेला तेव्हा ८००. पारव्यांचा आवाज बंद झाला तेव्हा ५५०. वहीतली अक्षरं दिवा न लावता वाचता येईनात तेव्हा ३०० च्या आसपास. त्यानंतर मात्र उतार घसरगुंडीसारखा, पंधरा मिनिटांत शंभराखाली. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश रेंगाळत नाही. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत खेळ आटोपतो.

या घरात अकरा वर्षं राहतोय, पण त्या खिडकीत संध्याकाळी तास-दीड तास बसलो ते पहिल्यांदाच. तिसऱ्या दिवशी मुलगी येऊन बसली आणि तिने आकडा आधी ओळखायची पैज लावली. दिवा अजून बनलाही नव्हता.

तुमचे आकडे माझ्यापेक्षा वेगळे येतील. खिडकीची दिशा वेगळी, एलडीआर वेगळा. माझा ३०० उसना घेऊ नका. अक्षरं दिसेनाशी होतात तो तुमचा आकडा शोधा.

घड्याळ लावून रोज सात वाजता दिवा लावणं सोपं होतं. पण पुण्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि जूनच्या अखेरीस सव्वासाताला. सातचा गजर ऑफिसचा वाटला असता.

तिसरा रविवार : तीन अवस्था

कोड टाइप करण्याआधी मराठीत लिहा. माझ्या वहीतलं शेवटचं पान असं आहे:

दिवस: दिवा बंद. आकडा ३०० च्या खाली सलग पाच मिनिटं राहिला तर दिवेलागण.

दिवेलागण: दिवा हळूहळू उजळव. दोन तास झाले की हळूहळू विझव. मग रात्र.

रात्र: दिवा बंद. आकडा ६०० च्या वर सलग दहा मिनिटं राहिला तर दिवस.

एवढंच. पण या तीन ओळींपर्यंत यायला मला पाच चुका लागल्या. त्या सांगतो, कारण तुमच्याही होतील.

सुरुवातीला एकच अट होती: ३०० च्या खाली गेला की दिवा लाव, वर आला की विझव. संध्याकाळी आकडा २९८, ३०३, २९७ असा डुलत उतरतो. दिवा वीस मिनिटं पिसाटल्यासारखा लुकलुकत होता. म्हणून लागण्याचा आकडा वेगळा, दिवस उजाडण्याचा वेगळा आणि मध्ये भरपूर अंतर. 'सलग' हा शब्दही त्यासाठीच आहे. आकडा पहिल्यांदा ३०० खाली गेला ती वेळ लक्षात ठेवायची. मध्येच वर आला तर ती वेळ पुसून टाकायची. कबुतर एलडीआरसमोर येऊन बसलं तरी मग फरक पडत नाही.

दुसरी चूक जास्त मजेची. दिवा लागला की त्याचाच उजेड एलडीआरवर पडायचा, आकडा चढायचा, दिवा विझायचा, अंधार व्हायचा, दिवा लागायचा. हॉलची ट्यूब लावली तरी तेच. उपाय म्हणून एलडीआर संपलेल्या मार्करच्या काळ्या नळीत बसवला आणि नळीचं तोंड काचेला टेकवलं. आता तो फक्त बाहेरचं बघतो.

तिसरी चूक वेळ मोजण्याची. उदाहरणांत 'डिले' वापरलेला असतो, म्हणजे 'इतका वेळ थांब'. थांबलेला असताना बोर्ड दुसरं काहीच बघत नाही. त्याऐवजी 'मिलिस' विचारायचं. वीज आल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते तो सांगतो. सुरुवातीची वेळ टिपून ठेवायची आणि आत्ताच्या वेळेतून वजा करायची. 'ब्लिंक विदाउट डिले' हे उदाहरण नीट वाचा, दोनदा वाचा. मिलिसचा आकडा सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. वजाबाकीच केलीत तर त्याने काही बिघडत नाही.

चौथ्या चुकीने माझे दोन रविवार खाल्ले. दोन तास म्हणून मी २ गुणिले ६० गुणिले ६० गुणिले १००० असं लिहिलं. उत्तर ७२ लाख. दिवा लागला तो विझेचना. कारण असं, की उनोवर साध्या पूर्णांकाची धाव ३२,७६७ पर्यंतच असते. चिप गुणाकार त्याच छोट्या मापात करते, तो ओसंडतो आणि हाती येतो उणे ८,९६०. ही उणे संख्या मोठ्या, फक्त धन आकडे ठेवणाऱ्या जागेत टाकली की ती बनते ४२९ कोटींच्या घरातली. माझा दिवा दोन तासांनी नव्हे, जवळजवळ पन्नास दिवसांनी विझणार होता. आकड्याच्या शेवटी यू आणि एल ही दोन इंग्रजी अक्षरं जोडली की गुणाकार मोठ्या मापात होतो. आणि आयडीईच्या प्राधान्यक्रमांत जाऊन कंपायलरच्या (कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या भागाच्या) सूचना 'ऑल'वर ठेवा. सुरुवातीला त्या बंद असतात. त्या चालू असत्या तर मला पहिल्याच दिवशी लाल अक्षरांत हे दिसलं असतं.

पाचवी: रात्री दहाला वीज गेली आणि साडेदहाला आली. बोर्ड नव्याने सुरू झाला, त्याला वाटलं दिवस आहे, बघतो तर अंधार, पाच मिनिटांत दिवेलागण. आता वीज आली की तो 'रात्र' या अवस्थेपासून सुरू होतो. खरंच दिवस असेल तर दहा मिनिटांत त्याला कळतंच.

तपासणी करताना पाच मिनिटांच्या जागी पाच सेकंद ठेवा, दोन तासांच्या जागी वीस सेकंद. यासाठी हे आकडे कोडच्या सुरुवातीला नावं देऊन लिहा, मध्येमध्ये पेरू नका. नळीवर टोपण घालायचं, काढायचं, आणि तिन्ही अवस्था फिरतात का बघायचं. मग खरे आकडे घाला.

हळूहळू उजळण्यासाठी 'ॲनालॉग राइट'ला ० ते २५५ आकडा द्यायचा. हे फक्त ३, ५, ६, ९, १० आणि ११ या पिनवर चालतं. मी तीन एलईडी ९, १० आणि ११ वर, प्रत्येकाला स्वतःचा २२० ओहमचा रेझिस्टर देऊन लावले. दर २०० मिलिसेकंदांनी एक पायरी चढवली की पन्नास सेकंदांत पूर्ण उजळतो. पहिल्या तीस-चाळीस पायऱ्या डोळ्याला फार मोठ्या वाटतात, तिथे वेग आणखी कमी करा. (इथे डिले वापरला तरी चालतो. त्या मिनिटात बोर्डाला दुसरा उद्योग नाही.)

बटणाची गोष्ट

पहिल्या रूपात दिवा विझवायला बटण होतं. बटणाच्या आत पत्रे थडथडतात, एकदाच दाबलं तरी चिपला चार-पाचदा दाबल्यासारखं वाटतं, ते कसं टाळायचं यासाठी 'डिबाउन्स' हे उदाहरण आहे. ते शिकलो, छान चाललं. मग दोन आठवडे वहीत नोंद ठेवली. चौदा संध्याकाळींपैकी नऊ वेळा दिवा दोन तासांच्या आधी विझवला गेला. त्यातले आठ वेळा दाबणारा मी.

प्रत्येक वेळी कारण होतं. ऑफिसचा मेल, मॅचचा शेवटचा ओव्हर, कुणाला तरी पैसे पाठवायचे. बटण काढलं. आता फोन हवा असेल तर ड्रॉवर उघडून घेता येतो, कुणी अडवत नाही, पण दिवा तेवत राहतो आणि त्याच्यासमोर फोन घेऊन बसायला जरा अवघड वाटतं. फोनची रिंग आम्ही चालू ठेवलीय. वाजला तर उठून घ्यायचा, बोलायचं, परत ठेवायचा. जुन्या काळ्या फोनसारखं.

चौथा रविवार : सोल्डर, करवंटी, चार्जर

ब्रेडबोर्डवर वस्तू कायमची ठेवू नका, केर काढताना वायर निघतेच. रेझिस्टर आणि एलईडी झीरो पीसीबीवर घ्या, बर्ग स्ट्रिपला वायरी जोडून ती उनोत खोचा. उनोला सोल्डर लावायची गरज नाही, उद्या दुसरं काही करावंसं वाटलं तर तो मोकळा करता येतो.

सोल्डर करताना आयर्नचं टोक पाय आणि पीसीबीचा तांब्याचा गोल या दोघांना एकदम टेकवा, दोन सेकंद थांबा, आणि सोल्डर वायर टोकाला नाही तर सांध्याला लावा. सांधा तापला असेल तर ती आपोआप पसरते आणि पायाभोवती छोट्या टेकडीसारखा चकचकीत उतार होतो. गोळी होऊन बसली तर तो ड्राय सोल्डर, आज चालेल, महिन्याने दगा देईल. पुन्हा तापवा. खिडकी उघडी ठेवा. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं, त्यामुळे काम करताना खाणं-पिणं नाही आणि नंतर हात साबणाने धुवायचे. साध्या एलडीआरमध्ये कॅडमियम असतं. खराब झाला तर तो फोडू नका, कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

आणि एक गोष्ट ठामपणे: घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला हात लावायचा नाही. रिले (छोट्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) लावून हॉलचा बल्बच चालू करू, हा मोह पहिल्या प्रकल्पात प्रत्येकाला होतो. ब्रेडबोर्डवर चुकलं तर आठ आण्यांचा एलईडी जातो. तिथे चुकलं तर माणूस जातो. आपलं सगळं काम चार्जरच्या अलीकडे, ५ व्होल्टवर.

दिव्याचं कवच मी अर्ध्या करवंटीचं केलं. पॉलिश पेपरने घासली, हाताच्या ड्रिलने बारीक भोकं पाडली, आतून बटर पेपर चिकटवला. खाली लाकडी फळीवर उनो. करवंटी उलटी बसवली की भिंतीवर ठिपके पडतात. उनो साधारण ५० मिलिॲम्पिअर खातो, म्हणजे महिनाभर चालून पाव युनिटच्या आत. मला सगळं सामान, आयर्न आणि मल्टिमीटर सोडून, हजाराच्या आत पडलं.

शेवटचं काम बहुतेक जण करत नाहीत आणि वर्षभराने डोकं धरून बसतात. एका कागदावर जोडणीची आकृती काढा, कोणत्या पिनला काय ते लिहा, ३०० आणि ६०० च्या जागी तुमचे आकडे लिहा, तारीख घाला आणि घडी करून फळीखाली चिकटवा. कोडची प्रत स्वतःला मेल करून ठेवा.

आमच्या कागदावर गेल्या आषाढात एक ओळ वाढली. तीन-चार दिवस असे आले की चार वाजताच ढगांनी अंधारून आलं, दिवा लागला आणि सहाला विझून गेला, ऐन संध्याकाळी रात्र समजून गप्प. मी डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल लावायच्या बेतात होतो, म्हणजे पाचच्या आधी दिवा लागूच नये. आई म्हणाली, "राहू दे. असं आभाळ आलं की आम्हीपण लवकरच दिवा लावायचो." घड्याळ आणलं नाही. तिच्याकडूनच कागदावर लिहून घेतलं: आषाढात चार वाजता लागला तर बिघाड समजू नये.